घुमरीला बसायला काय टाकलंत?

एकदा काय झालं, एक नदी रुसली आणि उठून चालती झाली.

हो, खरंच उठून! पाय आत घ्या पांघरुणात, मग सांगते. तर नदी काही फार मोठी नव्हती हं. आपल्या बिल्डिंगचं पार्किंग आहे ना, तेवढी रुंद. नाव तिचं घुमरी. का, तर ती घुमायची. गावाशेजारी तिचं एक वळण होतं. तिथं दगडादगडांतून वाट काढताना ती घूं... घूं... असं म्हणायची, आणि त्या आवाजानं गावातली सगळी पोरं झोपायची. गावातल्या एकाही आईला अंगाई येत नव्हती, बरं का. गरजच नव्हती कधी.

गावाचं नाव सारवणवाडी. आणि सारवणवाडीची अंगणं म्हणजे काय सांगू तुम्हाला. आरशासारखी! ताक सांडलं तर बोटानं पुसून चाटावं. सकाळी उठलं की झाडणं, सडा, सारवण, रांगोळी. पाहुणा आला की आधी अंगण बघायचा आणि मग माणसं. लांबलांबची माणसं म्हणायची, अंगण असावं तर सारवणवाडीसारखं.

मग एवढा सगळा कचरा जायचा कुठं?

अगदी बरोबर. नदीत.

फुटकी बादली, नदीत. शाम्पूच्या पुड्या, नदीत. तुटका पंखा, फाटकी गादी, एका पायाची चप्पल, सगळं नदीत. आणि पुन्हा नदीतनं येताना माणसं रिकाम्या हातानं यायची नाहीत. एखादा छानसा दगड घेऊन यायची. कुणाला ओटा बांधायला, कुणाला कपडे आपटायला, कुणाला पायरीला. नदीत दगडांना काय तोटा?

घुमरीनं पुष्कळ सोसलं. आणि मग एके दिवशी तिनं आपलं सगळं पाणी गोळा केलं, काखेत मारलं आणि निघून गेली.

सकाळी लोक बघतात तर पात्रात नुसता कचरा आणि वाळू. मग विहिरी आटत आटत तळाला गेल्या. मग गुरं हंबरायला लागली. मग एकेक घर कुलूप लावून खाली शहराकडे निघालं. आणि पोरं? पोरांना झोपच येईना. डोळे टक्क उघडे. तुमच्यासारखे.

आता या गावात एक बाई राहायची, हौसा. नवरा कधीच देवाघरी गेलेला, स्वतःचं मूलबाळ नाही. पण शेजारच्या खोलीत धाकटी जाऊ होती, ठकू. ठकूची पोरगी बिजली. ही बिजली जन्मल्यापासून हौसाच्याच कुशीत झोपायची, तिला 'मोठीआई' म्हणायची. ठकू तशी वाईट नव्हती हं, फक्त तोंडाची तिखट. रांगोळी मात्र अशी काढायची की मुंगीसुद्धा वळसा घालून जाईल.

तर एक दिवस ठकूनं सांगून टाकलं. वैशाखी पुनवेला टेम्पो बोलावलाय. तोवर पाणी आलं तर आलं, नाहीतर आम्ही चाललो. बिजलीला घेऊन.

रात्रभर बिजली तिच्या कुशीत या अंगावरून त्या अंगावर वळत राहिली. सकाळी हौसानं पदर खोचला, फडक्यात भाकरी बांधली आणि नदीला शोधायला निघाली.

मग ती एक डोंगर चढली. पाय पोळले. मग दुसरा चढली. घसा असा कोरडा पडला की शब्द फुटेना. मग तिसरा डोंगर, आणि त्याच्या पोटात एक कपार. आत बघते तर काय, घुमरी बसलेली! एका काळ्या दगडावर, पाय मुडपून, ओले केस विंचरत. आणि शेजारी तिचं सगळं पाणी नीट घडी घालून ठेवलेलं. निळ्या लुगड्यासारखं, काठ जुळवून.

हौसानं तिला गावाची सगळी हकीकत सांगितली. विहिरींची सांगितली, बिजलीची सांगितली. घुमरीनं केस विंचरायचं थांबवलं नाही.

"तुमच्याकडे मला बसायला जागा आहे का, बाई?" एवढंच तिनं विचारलं.

हौसा म्हणाली, "नाही. पण मी करते."

मग घुमरीनं तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, तीन पुनवा मी येऊन बघेन. शिमग्याच्या, चैत्राच्या आणि वैशाखाच्या. बसायला जागा असेल तर बसेन. नसेल तर पलीकडच्या खोऱ्यात जाईन, मग या बाजूला पुन्हा फिरकायची नाही.

हौसा तीन डोंगर उतरून घरी आली. घोटभर पाणी प्यायली आणि तशीच मारुतीच्या पारावर गेली. सगळ्यांना म्हणाली, उद्या इर्जिक आहे, नदीत या.

इर्जिक म्हणजे माहितीये? कुणाचं मोठं काम निघालं ना, नांगरणी म्हणा, कापणी म्हणा, की सगळं गाव त्याच्याकडे जातं आणि मिळून काम करून टाकतं. मजुरी नाही. ज्याचं काम, त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. झालं! भारी ना? पण त्यात एक नियम होता. ज्याचं काम, त्यानंच बोलवायचं. न बोलावता गेलं तर त्याला कमीपणा. म्हणजे, तुझं तुला झेपत नाही, असं म्हटल्यासारखं.

पारावर यमाजीमामा बसले होते. गावातले सगळ्यात म्हातारे, इर्जिकीचे नियम त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं, "हौसा, नदी कुणाची?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हा म्हणाला, माझी नाही बुवा. ती म्हणाली, आमची तर नाहीच. नदी कुणाचीच नव्हती. मग इर्जिक बोलवायची कुणी? आणि जेवायला घालायचं कुणी?

आणि खरंच सांगते, कुणीही आलं नाही. नियम म्हणजे नियम.

मग हौसा एकटीच पात्रात उतरली. बिजली तिच्या मागनं, डोक्यावर इवलीशी पाटी घेऊन. उपसायचं, भरायचं, वर न्यायचं. पुन्हा उपसायचं, भरायचं. ठकू काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"जाऊबाई, गावाचं खरकटं काढायला तुम्हाला कुणी नेमलंय का?"

"ठके, बादली दे तेवढी," हौसा म्हणायची. ठकू बादली द्यायची, आणि नाक मुरडून जायची.

शिमग्याची पुनव आली. सकाळी डोंगराकडनं पाण्याची एक बारीक रेघ आली, घोट्याएवढी. घुमरीच ती! दोन पावलं आत आली, तोच ती एका पायाची चप्पल तिच्या आडवी आली. घुमरी थबकली. शाम्पूच्या पुड्या पाहिल्या, गादी पाहिली. आणि पदर सावरून आल्या पावली परत गेली.

पण जाताना वाळूत ओली रेघ राहिली ना! गावानं ती पाहिली. कुणी हात लावून बघितला, कुणी वास घेतला. म्हणजे हौसा खोटं बोलत नव्हती तर.

मग हौसा पुन्हा पारावर गेली. या वेळी ती आधीच विचार करून आली होती.

म्हणाली, "ही इर्जिक घुमरीची. तिनंच बोलावलंय. तीच जेवू घालेल."

"कधी?" यमाजीमामांनी विचारलं.

"आली की."

यमाजीमामांनी मिशीवरनं हात फिरवला. आधी काम आणि मग कधीतरी जेवण, अशी इर्जिक त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण नियमात बसत होतं. बोलावणारी आहे, जेवू घालणारी आहे. मग ते उठले, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि म्हणाले, तोवर आपापली भाकरी आपापल्या घरनं आणा.

आणि मग काय विचारता! सगळी सारवणवाडी पात्रात. बाप्ये, बाया, म्हाताऱ्या, सगळे. रोज सकाळी ऊन चढेपर्यंत. काचा वेगळ्या, लोखंड वेगळं, प्लास्टिक वेगळं. कुणीतरी म्हणालं, हे खालच्या गावाच्या हद्दीत ढकलून देऊ. हौसानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाटी घेऊन मुकाट्यानं वर चालू लागला. पोती भरून तालुक्याच्या भंगारवाल्याकडे गेली. कुजणारं होतं ते खड्ड्यात पुरलं. हात सोलले, कंबरा मोडल्या, पण एक दिवस खाडा नाही.

कचरा संपला. आता थांबायचं ना? पण ही सारवणवाडी! यांना स्वच्छ करायला घेतलं की थांबता येतंय होय?

कुणीतरी म्हणालं, हे दगड पायात येतात. मग उरलेसुरले दगड उचलून काठावर फेकले. कुणी म्हणालं, ही मुळं कशी विस्कटलेली दिसतात. मग मुळं छाटली. कुणी म्हणालं, हे वळण वाकडं आहे, बरं दिसत नाही. मग दोरी धरून काठ सरळ केला. मग खराटा मारला. आणि मग, हसू नका हं, त्यांनी सगळी नदी शेणानं सारवली! या टोकापासून त्या टोकापर्यंत. मॉलच्या फरशीसारखी गुळगुळीत. ठकूला राहवलं नाही. तिनं पात्रात मधोमध मोराची रांगोळी काढली. म्हणाली, मला काही नदीचं पडलेलं नाही, पण एवढं सारवून ठेवायचं आणि रांगोळी नाही म्हणजे काय.

हौसासुद्धा काठावर उभी राहून बघत होती आणि खूश होती. आता कशी येणार नाही घुमरी?

चैत्राची पुनव आली. आणि घुमरी आली! ही एवढी, कमरेएवढी, सगळं पाणी घेऊन. पोरं नाचायला लागली. घुमरीनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. आणि काय झालं माहितीये? ती घसरली. त्या सारवलेल्या सरळ पात्रातनं ती जी सूं करून निघाली, ती कुठं थांबेचना. वळण नाही, दगड नाही, मुळी नाही. धरायला काही नाही. ठकूचा मोर एका क्षणात गेला. दुपारपर्यंत पाणी गुडघ्याला आलं, दिवस मावळेपर्यंत संपलं. विहिरीत एक थेंब मुरला नाही.

आणि ती घुमली पण नाही. एकदासुद्धा नाही.

"पाहुणी आली," यमाजीमामा म्हणाले, "पण टेकली नाही."

मग सगळे चिडले. कुणी म्हणालं, दोरी धरायची अक्कल कुणाची होती? कुणी म्हणालं, जेवण तर राहिलंच बाजूला. फावडी खांद्यावर टाकून जो तो घरी गेला. ठकूनं भांडी पोत्यात भरायला काढली. बिजली दाराशी बसून ते बघत होती. डोळे लाल, झोप नाही.

मग काय, हौसा आपल्या अंगणात बसून राहिली. तिच्या अंगणात एक मोठा काळा दगड होता. रुंद, सपाट, बसून बसून झिजलेला. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्यानं आणून टाकला होता तिच्यासाठी. त्यावर बसून ती धान्य निवडायची, त्यावर बसून बिजलीला भरवायची. तिथं ती बसली होती, तेवढ्यात यमाजीमामा आले. आता कुणी येणार नाही गं, हे सांगायला आले होते.

हौसाचं लक्ष नव्हतं. पण घरी माणूस आलं की तोंडातनं जे निघतं ते निघालंच. "बसा की मामा," ती म्हणाली, आणि सरकून दगडावर त्यांना जागा केली.

मामा बसले. आणि हौसाचा हात हवेतच थांबला.

तिला ती कपार आठवली. घुमरी कशावर बसली होती? दगडावर. आणि आपण काय केलं? अंगण झाडलं, सारवलं, रांगोळी काढली, आणि पाहुणीला बसायला काहीच टाकलं नाही. उलट होतं ते उचलून फेकलं. आणि त्याच्याही आधी, कितीतरी वर्षं, एकेक करून घरी आणलं.

"मामा, उठा," हौसा म्हणाली.

"आत्ता तर बसलो."

"उठा. हा दगड माझा नाही."

मग तिनं पहार आणली. दगडाच्या कडेनं खणायला लागली. ऐका बरं का, तो दगड काही सोपा नव्हता, म्हशीएवढा जड. पण हौसानं एक बाजू उकलली, मग दुसरी. खाली लाकडाचे ओंडके घातले आणि ढकलायला लागली. चार पावलं ढकलायचं, मागचा ओंडका काढून पुढं घालायचा, पुन्हा ढकलायचं. मामांनी हात लावला. बिजलीनं डोकं लावलं. गावाच्या मधल्या रस्त्यानं, सगळ्यांच्या दारावरनं, हौसाचा दगड नदीकडे निघाला. मागं तिच्या लखलखीत अंगणात हा एवढा खड्डा.

लोक दारात येऊन बघत होते. सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळे आपापल्या ओट्याकडे बघत होते. कचरा काढणं वेगळं, हो. अंगण मोडायचं म्हणजे सारवणवाडीचा जीव काढण्यासारखं.

मामा घरी गेले आणि आपली पायरी उकरून आले. आता घरात शिरताना त्यांना उडी मारावी लागायची, या वयात! मग एक बाई कपडे आपटायचा दगड घेऊन आली. मग एकानं गोठ्यातला आणला. मग बैलगाड्या निघाल्या. मग थांबलंच नाही कुणी.

राहिली ठकू. तिचा ओटा गावात सगळ्यात देखणा. रोज सकाळी त्यावर रांगोळी, आजवर एक दिवस चुकली नव्हती. हौसा तिच्या दारावरनं किती वेळा गेली आली, पण एका शब्दानं बोलली नाही. तिनं मागितलंच नाही.

शेवटी ठकूच बाहेर आली, हातात कुदळ.

"गाव सोडून चाललेय तर ओटा काय डोक्यावर घेऊन जाऊ?" असं म्हणाली आणि पहिला घाव घातला. मग जरा पाठ फिरवून डोळे पुसले. तेवढं आपण नाही पाहिलं.

मग काठावर फेकलेले दगडही आत आणले आणि सगळे रचले. ठकूनंच सांगितलं कुठला कुठं. रांगोळी काढणारीचा डोळा ना तो! हा मोठा मधोमध, हे दोन जरा तिरपे, इथं पाण्यानं वळसा घ्यायचा. दोरी फेकून दिली. वळण जसं होतं तसं पुन्हा खणलं. काठाला करंज लावली, निर्गुडी लावली, घरातलं उरलंसुरलं पाणी तांब्यानं घातलं. आणि गावाची अंगणं? सगळी खड्डे खड्डे, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी.

वैशाखी पुनव आली. वेशीवर टेम्पो उभा. पोती, गाद्या, भांडी सगळं चढलं. बिजलीला वर गाद्यांवर बसवलं. सगळं गाव काठावर.

सकाळ झाली, पाणी नाही. ऊन चढलं, पाणी नाही. सावल्या पायाशी आल्या. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. म्हणाला, मावशी, मला दुसरं भाडं आहे. ठकू म्हणाली, चला.

मग हौसा एकटी पात्रात उतरली. आपल्या काळ्या दगडाशी गेली. पदरानं त्यावरची धूळ पुसली. आणि पाहुणीला म्हणतात तसं डोंगराकडे तोंड करून म्हणाली, "ये. बस."

आणि बाजूला सरकून उभी राहिली.

काही नाही. टेम्पो सुरू झाला. धडधड धडधड. ठकूनं मागं वळून पोरगी नीट बसलीय का ते बघितलं.

तर बिजली झोपली होती.

भर दुपारी, उन्हात, त्या धडधडीत, गाद्यांवर आडवी, तोंड उघडं. कितीतरी महिने जिचा डोळा लागला नव्हता, ती गाढ झोपलेली. ठकू बघतच राहिली. मग तिनं टेम्पोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी बंद करा," ती म्हणाली. "आवाज करू नका."

त्यानं चावी फिरवली. आणि मग सगळ्यांना ऐकू आलं.

घूं... घूं...

डोंगराच्या बाजूनं घुमरी येत होती. हळूहळू, घडी उलगडत उलगडत, निळं लुगडं पसरत. आली, वळणावर वळली. मामांच्या पायरीशी थांबली. ठकूच्या ओट्याला वळसा घातला. आणि हौसाच्या काळ्या दगडावर येऊन पाणी टेकलं. टेकलं, आणि उठलं नाही.

आणि बरं का, घुमरी इर्जिक विसरली नव्हती. पाण्यावरनं काय तरंगत आलं? जांभळं! आणि करवंदं! काळीभोर, पिकलेली, डोंगराडोंगरांवरची. ज्याचा हात पाण्यात, त्याच्या ओंजळीत. आधी मामांनी खाल्ली, मग सगळ्यांनी, मग टेम्पोवाल्यानं. दुसरं भाडं आहे म्हणत होता ना? जीभ जांभळी झाली तरी उठेना. सगळ्यांची पोटं भरली, तेव्हा कुठं घुमरीनं बसल्या जागेवरनं पुढच्या गावाकडे पाणी सोडलं. यजमानीण आधी सगळ्यांना जेवू घालते, माहितीये ना.

ठकूनं टेम्पोतनं एकेक पोतं खाली उतरवलं. गाद्या मात्र ठेवल्या. पोरगी झोपलीय, उठली की काढू म्हणाली. हौसा टेम्पोत चढली आणि बिजलीशेजारी जाऊन बसली.

मग विहिरी भरल्या. कुलपं लावून गेलेले हळूहळू परतले. आणि दर वर्षी वैशाखी पुनवेला घुमरीची इर्जिक ठरून गेली. काठ बघायचे, झाडं बघायची, कुठं कचरा दिसला की उचलायचा. अंगणातले खड्डे त्यांनी तसेच ठेवले. नवा पाहुणा अडखळला तर म्हणायचे, जपून हं, इथला दगड नदीत बसलाय.

असे सगळे सुखानं राहिले. हौसा राहिली, ठकू राहिली, बिजली मोठी होऊन तिथंच राहिली.

आणि घुमरी? ती तर आता बसलीच आहे. पंखा जरा बारीक करते, ऐका. घूं... घूं... आलं ना ऐकू? उशीवर डोकं टेका. तिनं टेकलंय, आता तुम्ही टेका.